रिचीचं 'द इनलँड सी': बोटीत बसून वाचलेलं पुस्तक

टोक्योतल्या जिम्बोचोला जुन्या पुस्तकांच्या दुकानांबाहेर स्वस्तातले खोके लावून ठेवतात. त्यातल्या एकात मला डोनाल्ड रिचीचं 'द इनलँड सी' 800 येनला मिळालं. कव्हर उन्हाने पिवळं पडलेलं, पाठीचा डिंक वाळून कडक झालेला, पहिल्याच पानावर कुणाची तरी वाणसामानाची यादी. त्यात टोफू दोनदा लिहिला होता. घासाघीस न करता घेतलं. (इथे घासाघीस करतही नाहीत, पण गुहागरच्या माणसाचा हात क्षणभर अडतोच.)

रिची मला आधी सिनेमामुळे माहीत होता. जपानी दिग्दर्शक ओझूवरचं त्याचं 1974चं पुस्तक मी टोक्योत निशी-कासाईच्या आमच्या दोन खोल्यांत, पोरगी झोपल्यावर, रोज चार-पाच पानं असं वाचून काढलं. पटकथा, चित्रण, संकलन, म्हणजे सिनेमा ज्या क्रमाने तयार होतो त्याच क्रमाने त्याने ते पुस्तक रचलंय. ते झाल्यावर मग हे प्रवासाचं. उलट क्रमाने वाचलं असतं तर हे इतकं भिडलं नसतं असं वाटतं. का, ते सांगते.

हा माणूस अमेरिकेतल्या ओहायोतल्या लायमा गावचा. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये टायपिस्ट म्हणून आला आणि पुढे सैन्याच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या वर्तमानपत्रात सिनेमाची परीक्षणं लिहू लागला. जपानी थिएटरं तेव्हा अमेरिकी लोकांना बंद होती. हा चोरून जायचा. भाषा येत नाही, सबटायटल्स नाहीत, भोवती खच्चून गर्दी. उरलं काय, तर बघणं. कोण कुठे बसलंय, दार कोण उघडतं, कोण कुणाकडे पाठ करतं. त्या दिवसांतच टोक्योच्या आसाकुसा भागात एका इमारतीच्या टॉवरवर तो लेखक कावाबाता यासुनारींबरोबर उभा होता. खाली जळून गेलेलं शहर, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. रिचीने कावाबातांच्या आसाकुसावरच्या कादंबरीतल्या मुलीचं नाव तेवढं उच्चारलं: युमिको. एवढंच संभाषण.

'द इनलँड सी'मधली चांगली पानं मला ह्याच बघण्यातून आलेली वाटतात. होन्शु, शिकोकु आणि क्युशु यांच्या मधला हा समुद्र, सेतो नाइकाई. हिमेजीपासून मियाजिमापर्यंत, मधल्या बेटांवर बोटी बदलत, कुठे मुक्काम करत तो जातो. वाचताना एकच सलग सफर वाटते, पण साठच्या दशकातल्या बऱ्याच फेऱ्या त्याने एकत्र शिवल्यात. टाके दिसत नाहीत. 1961 ते 1965 एवढंच टिकलेलं त्याचं लग्नही त्याच काळातलं, आणि ते मागून डोकावत राहतं. त्याबद्दल तो जेवढं बोलतो त्याहून जास्त गिळतो, असं मला तरी जाणवलं.

ओनोमिचीला मी हे पुस्तक घेऊनच गेले. ओझूच्या 'टोक्यो स्टोरी'तलं म्हातारं जोडपं ह्याच गावचं. डोंगरउतारावर देवळं, मधून रेल्वे, खाली समुद्र. सिनेमात शेवटी म्हातारा एकटाच बसलेला असतो, हातात पंखा, आणि दूर पाण्यात बोट फट्-फट् करत जाते. जोदो-जी देवळाच्या पायऱ्यांवर बसून मी ती बोट शोधली. आता समोरच्या मुकाइशिमाला पाच मिनिटांत नेणारी फेरी दिसते. सायकलवाले, शाळेची पोरं, एक आजी भाजीची ट्रॉली ओढत. आमच्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीसारखंच, फक्त इथे कुणी शेवटच्या क्षणाला धावत उडी मारत नाही.

तिथून सेतोदाला जाणारी बोट घेतली, चाळीसेक मिनिटांची. बाहेर बसायची हौस. वाऱ्याने पुस्तकाची पाठ फुटली आणि चार पानं सुटली. दोन समोरच्या आजोबांनी चपळाईने पायाखाली धरली, दोन समुद्रात. आजोबांनी पानं पुसून दोन्ही हातांनी परत दिली, मी आभार मानले, त्यावर ठरलेलं वाक्य आलं, "निहोंगो जोझु देसु ने." छान येतं हं जपानी! मी इथे अकरा वर्षं कर भरतेय, पण 'आरिगातो' म्हटलं तरी शाबासकी मिळते.

इथेच माझं रिचीशी भांडण आहे. जपान परक्याला कधीच आत घेत नाही, हे तो तक्रार म्हणून सांगत नाही, सुख म्हणून सांगतो. बाहेरचा म्हणून मोकळा, कुणाचे नियम लागू नाहीत, खिडकीची जागा कायम राखीव. असेल. युद्ध जिंकणाऱ्या देशाचा गोरा माणूस म्हणून आल्यावर खिडकीची जागा मिळते. आम्ही घर शोधत होतो तेव्हा एजंटने आमच्यासमोरच घरमालकाला फोन लावला, 'परदेशी मंडळी आहेत' म्हणाला, ऐकून घेतलं आणि आमच्याकडे बघून दोन हातांची फुली केली. अतिशय नम्रपणे. अशा तीन फुल्यांनंतर चौथं घर मिळालं. ह्या पानांवर मी पेन्सिलीने समासात 'हो का?' असं लिहून ठेवलंय, बऱ्याच ठिकाणी.

दुसरी तक्रार, 'जपानी माणूस असा असतो' हे पालुपद. एखाद्या बेटावरची बाई चहा कसा ओतते हे तो सुरेख दाखवतो आणि लगेच त्यावरून अख्ख्या देशाचा स्वभाव सांगायला लागतो. ते परिच्छेद खुशाल ओलांडा. अस्सल जपानी आता ह्या बेटांवरच उरलेत आणि तेही संपणार, ही रडही जरा लांबते. ओझूच्या सिनेमात तो इतका धीराने बसतो, मग इथे एवढी घाई कशाला, असं वाटत राहतं.

एक मात्र त्याचं खरं ठरलं. पुस्तक 1971चं. सेतोवरचा मोठा पूल 1988ला आला, ओनोमिचीहून शिकोकुतल्या इमाबारीपर्यंतची पुलांची साखळी 1999ला पुरी झाली, आणि बोटी एकेक करून थांबल्या. होन्शु-शिकोकु जोडणारी उनो-ताकामात्सु फेरीही 2019ला बंद पडली. पुस्तकाच्या भरवशावर वेळापत्रक आखाल तर धक्क्यावर बसून राहाल.

परत आल्यावर एका रविवारी तोझाई लाइनने निहोम्बाशी, तिथून गिन्झा लाइनने उएनो असं करत शिनोबाझु तळ्यावर गेले. 2013मध्ये वारला तोपर्यंतची बरीच वर्षं रिची ह्या तळ्याकाठी राहत होता. कमळांची पानं इतकी दाट की पाणी दिसत नव्हतं. बाकावर एक माणूस बूट काढून झोपला होता. कोणती इमारत त्याची, हे मी शोधलं नाही.

पाचपैकी चार तारे. अर्धा 'जपानी माणूस असा असतो'चा कापलाय, अर्धा खिडकीच्या जागेचा. इंग्रजी सोपं आहे पण सावकाश वाचायचं, ट्रेनमध्ये नको, बोटीत उत्तम. नवी प्रत घ्या आणि नकाशा वेगळा ठेवा. माझी मागू नका, तिच्यात एका बेटावर उतरल्यावर दोन पानं गायब आहेत, आणि रिची थेट पुढच्या बेटावरच वर येतो.