डिक लबो की दांते स्कार्नेकिया?

अमेरिकन फुटबॉलमधल्या सहाय्यक प्रशिक्षकाने आपल्याच कामात मुरावं, की मुख्य प्रशिक्षकपद मिळालं तर घ्यावं?

बचावाचे प्रशिक्षक असलेल्या लबोंनी ते घेतलं. ‘झोन ब्लिट्झ’ ही बचावाची चाल त्यांनी सिनसिनाटीच्या संघात घडवली: अंगावर येणार असं वाटणारा बचावपटू मागे सरकतो आणि भलताच कुणी क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूवर, तुटून पडतो. त्याच संघाचे ते २००० ते २००२ मुख्य प्रशिक्षक होते. १२ विजय, ३३ पराभव. २००४मध्ये पिट्सबर्गच्या संघात बचावाची सूत्रं पुन्हा हाती आल्यावर मात्र २००५ आणि २००८च्या हंगामांत सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला.

स्कार्नेकिया ऑफेन्सिव्ह लाइन शिकवत राहिले, म्हणजे क्वार्टरबॅकला जपणारे पाच धिप्पाड गडी. पाय कुठे टाकायचा, हात कुठे लावायचा, हेच रोज. ही माणसं टीव्हीवर चुकली तरच दिसतात. २०१३नंतर ते निवृत्त झाले. २०१५मध्ये क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला फार मार बसला आणि न्यू इंग्लंड या त्यांच्या जुन्या संघाने स्कार्नेकियांना परत बोलावलं. २०१६च्या हंगामात संघ पुन्हा विजेता!

लबोंची कल्पकता मोठीच, आणि अपयशानंतर खालच्या पदावर तितक्याच उमेदीने परतणं सोपं नाही. तरी मला स्कार्नेकियांची वाट अधिक भावते. प्रशिक्षक असेपर्यंत मैदानावरची शिकवणी त्यांच्या हातून कधी सुटली नाही.