मुलामा उडालेली खुर्ची की नव्यानं चकाकणारी?

एकाच नमुन्याच्या दोन पाइपाच्या खुर्च्या समोर आहेत. एकीच्या पायांवर गंजाचे ठिपके, हातावरचं क्रोम झिजलेलं. दुसरी आरशासारखी, आणि भाव दुप्पट. इंदुरात बहुतेक गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. तपासणी मात्र तिचीच जास्त कडक हवी.

कारण नवा मुलामा चढवण्याआधी जुना आम्लात उतरवतात आणि लोखंड बफवर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर, घासतात. बफ गंजाबरोबर धातूही खातो. म्हणून स्क्रूची भोकं बघा: काठ बशीसारखे खोलगट झाले असतील, चपट्या पट्टीच्या धारा गोल झाल्या असतील किंवा कंपनीचा शिक्का पुसट झाला असेल, तर खुर्ची किमान एकदा तरी बफखालून गेली आहे. पायाची टोपी काढून बोट फिरवा. पाइपात आम्ल राहिलं असेल, तर पावसाळ्यात टोकातून तपकिरी ओघळ येतात आणि वरची चकाकी तशीच असताना आतून पाइप खलास होत असतो.

रंगही बोलतो. निकेलची झाक किंचित पिवळसर, ऊबदार. क्रोम निळसर, थंड. पाइपाच्या खुर्च्यांचा डिझायनर मार्सेल ब्रॉयर, त्याच्या १९२५-२६च्या सुरुवातीच्या खुर्च्यांवर निकेलचा मुलामा होता. तेव्हाची म्हणून निळसर चकाकणारी खुर्ची दाखवली, तर मुलामा नंतरचा आहे किंवा खुर्चीच. आणि कुणी ‘ही माणिकबागेतली’, म्हणजे होळकरांच्या इंदुरातल्या राजवाड्यातली, म्हटलं, तर कागद मागा. तिथलं बरंचसं फर्निचर १९८० साली मोनॅकोत सदबीजच्या लिलावात गेलं.

आता झिजलेली. शोभेच्या कामात क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याखाली निकेल १० ते ३० मायक्रॉन. सुईच्या टोकाएवढे ठिपके म्हणजे गंज बारीक छिद्रांतून वर आलाय. अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा, लगेच कोरडं करा, वर मेण लावा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यानं ओरखडा पडत नाही. निकेलवर मात्र हा प्रयोग नको, ते क्रोमपेक्षा मऊ असतं. पापुद्रा फुगला असेल, नखानं सुटत असेल, तर मेणानं काम भागणार नाही.

खरा धोका गंजाचा नाही, भेगेचा. मागचे पाय नसलेल्या खुर्चीत सगळा भार पाइपाच्या वाकणावर येतो. वाकणाच्या दोन्ही बाजूंना रॉकेल लावा, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा, खडूची पूड भुरभुरा. भेग असेल तर पुडीत ओली रेघ उमटते. अशी खुर्ची भेग नीट वेल्ड होईपर्यंत बसायला नाही. वापरानं ठरावीक जागीच झिजलेली खुर्ची खरी असते: हाताचा पुढचा भाग, पायांची खालची बाजू. सगळीकडे सारखीच झीज दिसली, तर ती कुणीतरी मुद्दाम केलेली आहे.

दुरुस्ती करायचीच ठरली, तर निवड अशी. मूळ मुलामा सत्तर टक्के शाबूत असेल तर फक्त साफसफाई, किंमत टिकते. पापुद्रे सुटले असतील आणि खुर्ची रोज वापरायची असेल, तर निकेल-क्रोम पुन्हा करा, पण कारीगराला बफ कमी चालवायला आणि पाइप आतून धुऊन सुकवायला आधी सांगा. पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग, स्वस्त पडतं आणि टिकाऊही, पण त्याचा थर ६० ते ८० मायक्रॉन असतो: बारीक वेल्ड बुजतात, आटे भरून स्क्रू बसत नाही. शिवाय भट्टी १८० ते २०० अंशांची, म्हणून रबरी टोप्या आणि प्लॅस्टिकचे तुकडे काढल्याशिवाय खुर्ची देऊ नका. मूळ क्रोमचीच खुर्ची पावडर कोटिंगला दिली, तर ती चूक महागात पडते.

डिझायनर हॅरी बर्टोइयाच्या १९५२च्या तारेच्या खुर्च्यांसाठी क्रोम सगळ्यांत अवघड. तारा जिथे एकमेकींना भेटतात, त्या कोपऱ्यात विजेचा प्रवाह कमी पोचतो आणि मुलामा पातळ राहतो. गंज पुढच्या वर्षी तिथूनच सुरू होतो.

चुंबक न चिकटणारी खुर्ची अॅल्युमिनियमची असू शकते. जुना थर उतरवायच्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत तिला घालू देऊ नका. अॅनोडायझिंग, म्हणजे अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर, तर जाईलच, धातूही विरघळू लागेल.