कायोटीसाठी २२३ बोल्ट अॅक्शन आणि तिची काडतुसं: हिवाळाभर वापरून झाल्यावर

मंडळी, ज्यांना सगळं वाचायचं नाहीये त्यांच्यासाठी आधीच सांगतो, २०० यार्डाच्या आत कायोटी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) मारायचा असेल तर २२३ रेमिंग्टन (रायफलीचं हलकं काडतूस) पुरते, आरामात पुरते. मोठ्या कॅलिबरवर जे जास्तीचे पैसे घालणार आहात ते बरा स्कोप, ट्रायपॉड आणि सरावाच्या काडतुसांवर घाला.

आमची टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या पश्चिमेला हिल कंट्रीत थोडी जमीन आहे, अॅग व्हॅल्युएशन (शेतजमीन म्हणून लागणारा कमी कर) टिकावं म्हणून बोअर बकऱ्या ठेवल्यात (इथे बरेच देशी आयटीवाले हेच करतात, कोणी बकऱ्या, कोणी मधमाश्या). करडं व्हायला लागली की कायोटी कुंपणाच्या कडेने फिरायला लागतात. तसा हा प्राणी उंदीर, ससे, मेस्किटच्या शेंगा, पर्सिमन असलं काहीही खाऊन जगतो, सगळेच काही बकऱ्यांच्या मागे नसतात, पण एखाद्याला चटक लागली की तो परत परत येतो. मेलेलं करडू आधी नीट बघा, गळ्याखाली दातांच्या खुणा असतील तर बहुतेक कायोटी, मागचे पाय, शेपटी, कान सगळीकडून फाडलेले असतील तर कोणाचं तरी पाळीव कुत्रं. आमच्याकडे राखणीला ग्रेट पिरनीज जातीचा कुत्रा आहे आणि निम्म्याहून जास्त काम तोच करतो, रायफल त्याच्यानंतर.

रायफल घेताना डोक्यात काडतुसाचे २२-२५०, २४३ विंचेस्टर आणि २२३ असे तीन पर्याय होते. शेजारचा म्हातारा रँचर २२-२५० चा भक्त, म्हणतो दुसरं काही घेऊच नकोस. त्याचं बरोबर आहे पण त्याच्या जमिनीपुरतं, त्याच्याकडे अर्धा मैल मोकळं दिसतं आणि तो ३०० यार्डाच्या पुढे मारतो, तिथे २२-२५० चा वेग कामाला येतो. आमच्याकडे ओक आणि सीडरची दाटी, १५० यार्डाच्या पुढे बहुतेक ठिकाणी काही दिसतच नाही. वर २२-२५० ला दारू जास्त जळते, नळी लवकर झिजते आणि काडतुसं महाग. २४३ चांगलं, हरणालाही चालतं, ज्याला एकच रायफल घ्यायचीय त्याने बिनधास्त तेच घ्यावं, पण १५-२० किलोच्या आतल्या जनावराला ते जरा जास्तच होतं आणि धक्काही जास्त. २२ एलआर (त्याहून बरंच छोटं काडतूस) कोणी सुचवली तर ऐकू नका, जनावर जखमी होऊन पळतं आणि गोळी आमच्या चुनखडीवर आपटून कुठल्या कुठे जाते. १७ एचएमआर हे तसंच छोटं काडतूस, सशांसाठी ठीक.

शेवटी टिक्का टी३एक्स लाइट घेतली, २२३ मध्ये. फिनलंडची बनावट, स्कोपशिवाय तीन किलोच्या आसपास. बोल्ट (दर गोळीनंतर हाताने मागेपुढे करायचा खटका) इतका गुळगुळीत चालतो की सवय झाल्यावर दुसऱ्याची रायफल हातात घेतली की ती खरखरीत वाटते. ट्रिगर दुकानातून आला तसाच स्वच्छ तुटतो, हवा तर हलकाही करता येतो. नळीचा ट्विस्ट ८ इंचाला एक फेरा आहे, म्हणजे ५५ ग्रेनपासून (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ७० च्या पुढच्या ग्रेनपर्यंतच्या गोळ्या नीट स्थिरावतात, नंतर जड गोळी वापरावीशी वाटली तरी अडत नाही. आणि २२३ चा मला सगळ्यात आवडलेला गुण म्हणजे धक्का इतका कमी की गोळी लागली का गेली ते स्कोपमधून डोळ्यांनी दिसतं, दुसऱ्या कोणाला विचारायला नको. स्टॉक (दस्ता) प्लास्टिकचा आणि पोकळ, या किमतीतल्या बहुतेक रायफलींचा असाच असतो, फांदीला घासला की टकटक आवाज येतो, मी बाहेरून कापडी टेप गुंडाळलीय. पुढे सप्रेसर (आवाज कमी करणारा नळकांडा) लावायचा असेल तर थ्रेडेड, म्हणजे टोकाला आटे असलेल्या नळीचंच मॉडेल बघून घ्या.

आता काडतुसं, कारण खरा फरक इथे पडतो. रोजच्या कामाला हॉर्नाडीची ५५ ग्रेन व्ही-मॅक्स वापरतो. टोकाला प्लास्टिकचा लाल ठिपका असतो, आत शिरल्यावर गोळी लगेच फुटते, त्यामुळे जनावर जागच्या जागी पडतं आणि नेम चुकून गोळी दगडावर गेली तरी तुकडे होतात, रिकोशेची (गोळी आपटून भलतीकडे उडण्याची) भीती बरीच कमी होते. एफएमजे (पूर्ण धातूचं कवच असलेली गोळी) फक्त कागदी टार्गेटसाठी ठेवा. ती स्वस्त म्हणून लोक तीच घेऊन जातात, पण ती सुईसारखी आरपार जाते, कायोटी पळत जाऊन झुडपात मरतो आणि गोळी पुढे कुठे गेली ते देव जाणे. डब्यावर ३२४० फूट प्रति सेकंद वेग छापलाय तो २४ इंची नळीचा, आपल्या नळीतून त्याहून थोडा कमीच मिळणार, त्यावरून भांडायला जाऊ नका. २०० यार्डाला झिरो केलं (स्कोपचा नेम त्या अंतराला जुळवला) की १०० वर गोळी दीडेक इंच वर लागते आणि ३०० वर साताठ इंच खाली जाते, म्हणजे २०० पर्यंत काही हिशोब न करता मध्यावर धरायचं आणि चाप ओढायचा.

उंचीचं हे झालं, पण वारा सोडत नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा २०० यार्डावर या हलक्या गोळीला चारेक इंच ढकलतो, आणि कायोटीच्या छातीत नेम धरायची जागाच मुळात चार-पाच इंचांची. एकदा जानेवारीत पहाटे सशाच्या ओरडण्याचा कॉल (कायोटीला बोलावणारा आवाज) लावून बसलो होतो, कायोटी समोरून न येता नेहमीसारखा वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घेत आला, नाक वर, एक पाय उचललेला, आणि बरोबर त्याच्या मागे शेजाऱ्याचं कुंपण. मारला नाही. टेक्सासमध्ये गोळी दुसऱ्याच्या हद्दीत गेली तर गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मागे मातीचा उतार नसेल तर चाप ओढायचा नसतो. तेव्हापासून बसायची जागा अशी निवडतो की वाऱ्याच्या खालच्या बाजूला टेकाड यावं.

तक्रारी म्हणाल तर स्कोपची मोठी. कॉम्बो ऑफरमध्ये मिळालेला, कंपनीचं नाव लिहीत नाही, थंडीत झूमची रिंग इतकी घट्ट व्हायची की दोन्ही हात लागायचे, शिवाय उजाडताना काच दुधी दिसायची आणि कायोटी येतो तो नेमका त्याच वेळी. बदलला, आणि नवीन स्कोप रायफलीच्या निम्म्या किमतीला पडला. दुसरं म्हणजे आवाज. २२३ छोटी म्हणून कानात काही न घालता मारू नका, १५० डेसिबलच्या वर जातो. सप्रेसरवर १९३४ पासून २०० डॉलरचा टॅक्स होता तो जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, अर्ज, बोटांचे ठसे आणि फोटो मात्र अजून लागतात.

कायद्याचं थोडक्यात. बकऱ्यांवर येणारा कायोटी जमीनमालकाला लायसन्सशिवाय मारता येतो, पण शिकार म्हणून जायचं तर हंटिंग लायसन्स लागतं, बंद सीझन आणि संख्येची मर्यादा मात्र नाही. हे टेक्सासचं, प्रत्येक राज्याचं वेगळं, कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही. एच-१बी वाल्यांनी विशेष लक्ष द्या, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक जवळ ठेवायलाच फेडरल कायद्याने मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्सची वगैरे सूट आहे पण मित्राच्या भरवशावर राहू नका, वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवर तो प्रश्न येत नाही, दुकानात ४४७३ फॉर्म (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) आणि बॅकग्राउंड चेक होतो.

अजून एक, डब्यावर ५.५६ लिहिलेली काडतुसं नुसतं २२३ कोरलेल्या नळीत घालू नका, दिसायला सारखी असली तरी त्यांचा दाब जास्त असू शकतो, उलटं मात्र चालतं. आणि आपल्या नळीला जी गोळी मानवली तिचे एकाच लॉट नंबरचे पाच-सहा डबे एकदम घेऊन ठेवा, लॉट बदलला की झिरो थोडा सरकू शकतो आणि तो परत बसवण्यात अर्धा डबा संपतो.