ऑडली एंड: आधी स्वयंपाकघर बघा

इंग्लंडमधल्या एसेक्सच्या ऑडली एंड या जुन्या वाड्याला गेलात तर वरची दालनं भरभर उरका आणि नोकरांच्या इमारतीत रेंगाळा. जुन्या वाड्यात कोण कोण राहून गेलं याची मला भारी ओढ, ती इथे भागली. १८८१च्या जनगणनेत एव्हिस क्रोकम ही वाड्याचे मालक लॉर्ड ब्रेब्रुक यांच्याकडची स्वयंपाकीण म्हणून सापडते. बाई मूळची डेव्हनची. तिच्या हातची पाककृतींची वहीही हाती लागलेली असल्याने चुलीपुढे उभं राहिलं की नुसती तांब्याची भांडी नाही, माणूस दिसतो. धुण्याची खोलीही छान राखलीय. दुसऱ्या महायुद्धात पोलिश गुप्त सैनिक इथेच तयार झाले. त्यांच्यातल्या १०८ मृतांचं स्मारक आवारात आहे, तिथे जरूर जा.