फियाटमुळे घेतलेलं सभासदत्व, चार वर्षांनंतर

पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबात जावं का, असं महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला विचारतं. बहुतेकांच्या दारात माझ्यासारखीच एखादी गाडी उभी असते. वडिलांची, सासऱ्यांची, मामांची. ताडपत्रीखाली चारही टायर बसलेले, आणि भंगारवाला अधूनमधून येऊन भाव सांगून जातो. मी चार वर्षांची वर्गणी भरली आहे, तेव्हा काय मिळालं आणि काय नाही ते एकदा सविस्तर लिहिते.

माझी गाडी 1968ची फियाट अकराशे डी. बाबांनी नंबर लावला त्यानंतर सात वर्षांनी ती कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून आमच्या घरी आली. 1089 सीसीचं इंजिन, चार गिअर, तेही स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि पुढे एकच सलग सीट. त्या सीटवर आई-बाबांच्या मधे बसायचं यावरून आम्हा तिघा भावंडांची भांडणं व्हायची. बाबा गेले तेव्हा गाडी अकरा वर्षं बंद होती. बंगला पाडून इमारत होणार होती, तिच्या नकाशात जुन्या गाडीला जागा नव्हती. भाऊ म्हणाला, देऊन टाकू. मला ते जमेना. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काम केलं. बंद पडलेलं उपकरण उघडून बघितल्याशिवाय टाकायचं नाही, ही सवय तिथली.

क्लबची प्रवेश फी पाच हजार होती आणि वर्षाची वर्गणी तीन हजार. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला सगळे जमतात. पहिल्या दिवशी मी रिक्षानेच गेले, कारण गाडी सुरूच होत नव्हती. तिथे एक ऑस्टिन सेव्हन होती, दोन मॉरिस मायनर, एक स्टँडर्ड हेराल्ड, विलीज जीप, आणि एक डुक्कर फियाट. माझ्या गाडीची ही थोरली बहीण. गोल नाकाची, पुढची दारं उलट्या बाजूने उघडणारी. तिच्या मालकांनी बॉनेट उघडून दिलं आणि म्हणाले, "ताई, बघा हवं तेवढं. हात लावा." नवीन माणसाला गाडीला हात लावू देणारे लोक कसे असतील, याचा अंदाज मला तिथेच आला.

आता ‘व्हिंटेज’ या शब्दाबद्दल थोडं. छंदातले जाणकार 1919 ते 1930च्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात, त्यानंतरच्या त्यांच्या लेखी क्लासिक. सरकारी नियम मात्र वेगळा आहे. 2021मध्ये मोटार वाहन नियमांत जी भर घातली गेली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. हे मला क्लबातल्या एका निवृत्त वकील बाईंनी कट्ट्यावर बसून वाक्यागणिक समजावलं. मला मंडईत जायचं होतं, आईला देवळात न्यायचं होतं. म्हणून मी नेहमीचीच नोंदणी ठेवली आणि पाच वर्षांसाठी तिचं नूतनीकरण केलं. आधी एका एजंटाने दोन्हीतला फरक न सांगताच माझ्याकडून पैसे घेतले होते. त्यामुळे वर्गणीतला पहिला मोठा हिस्सा मला तिथेच वसूल झालेला वाटतो.

गाडी रस्त्यावर यायला चौदा महिने लागले. इंजिन उतरवलं, त्याचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, मशीन शॉपला गेलं. आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं 2000 साली गेलं. त्या शिशाचा एक थर व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या कडेवर, बसायचा आणि तिची झीज वाचवायचा. शिसं नसलं की जुन्या मऊ सीट हळूहळू खाल्ल्या जातात. म्हणून एक्झॉस्टच्या बाजूला कडक धातूच्या सीट बसवून घ्या, असं क्लबातल्या तिघांनी मला वेगवेगळं सांगितलं. हे न करता हेड परत बसवलं असतं, तर पुढे कधीतरी ते पुन्हा उतरवावं लागण्याची भीती होती.

सुट्या भागांचं म्हणाल तर फियाटवाल्यांचं नशीब चांगलं. हीच गाडी थोडा चेहरा बदलून पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्सचं पुष्कळ सामान नाना पेठेत अजून निघतं. फक्त जुना भाग पिशवीत घालून न्यायचा. नुसतं नाव सांगितलंत तर दुकानदार जवळपासचं काहीतरी काढून देतो आणि घरी येऊन ते बसत नाही. ग्रिल, मागचे दिवे, क्रोमच्या पट्ट्या, हे अकराशे डीचं स्वतःचं सामान मात्र दुर्मीळ. माझी डाव्या बाजूची एक पट्टी जुन्या बाजारात सापडली. एका सभासदाने बुधवारी सकाळी तिचा फोटो पाठवला, मी येईपर्यंत दुकानदाराजवळ थांबला. दारांची रबरी बीडिंग कुणालाच मिळत नव्हती, तेव्हा अकरा जणांनी पैसे गोळा करून भोसरीच्या एका कारखान्यातून नमुन्याबरहुकूम काढून घेतली. एकट्या माणसासाठी तो साचा कुणी बनवला नसता.

आता तो प्रसंग, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात आम्ही अकरा गाड्या घेऊन भोरला निघालो. नाश्ता बनेश्वरला करायचा होता. कात्रजच्या जुन्या घाटात अर्ध्यावर माझी गाडी उचक्या द्यायला लागली. चढावर दोनदा बंद पडली. मला वाटलं, व्हेपर लॉक. उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची नळी तापते, आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. बाबा त्यासाठी ओलं फडकं ठेवायचे, पंपावर गुंडाळायला. मीही तेच केलं. काही फरक नाही.

मागच्या जीपमधले काका उतरले. खडकीच्या आर्मी बेस वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांनी माझा हात धरून पंपावर ठेवला. "गार आहे की नाही? मग वाफ कुठून होईल, ताई? सकाळचे साडेसात वाजलेत, थंडी आहे." मग म्हणाले, "गाडी सपाटीवर नीट चालते, चढावर उचकते. म्हणजे पेट्रोल येतंय, पण पुरत नाही. आता शोधा कुठे अडतंय." आणि ते खरंच बाजूला उभे राहिले. शोधलं मीच. पंपाकडे येणारी रबरी नळी सोडली तर ती आतून शेवाळल्यासारखी मऊ झाली होती. फिल्टरमध्ये काळे बारीक कण.

हल्ली पेट्रोल पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साठच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ते फुगतं, सैल होतं, सुटून येतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवली तर टाकी आतून गंजायला लागते. काकांच्या जीपमध्ये व्हायटॉनच्या, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या, नळीचा तुकडा होता. तो घाटातच बसवला. घरी आल्यावर पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा), पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची गॅस्केट, सगळं बदललं. तेव्हापासून गाडी दर पंधरा दिवसांनी बाहेर काढते आणि टाकीत जुनं पेट्रोल साचू देत नाही.

त्या दिवशी दहाही गाड्या घाटात कडेला लावून थांबल्या होत्या. पन्नास मिनिटं. बनेश्वरला पोहोचेपर्यंत पोहे गार झाले, कुणी अवाक्षर काढलं नाही.

जे खटकतं तेही लिहिते. वार्षिक रॅलीचा दिवस मला आवडत नाही. गाड्या सकाळी सातला उभ्या करायच्या, भाषणं बारापर्यंत, आणि बक्षिसं जातात चकाकीला. रोज चालणाऱ्या, नियमित ग्रीस केलेल्या गाडीसाठी वेगळं बक्षीस हवं, हे मी तीन बैठकांत मांडलं आहे. दुसरं, रॅलीत लोक माझ्या गाडीपाशी येऊन विचारतात, "मिस्टरांची का?" बाहेरच्यांचं मी समजू शकते. पण पहिल्या वर्षी क्लबच्याच फॉर्मवर मालकाच्या रकान्याखाली पतीचं नाव मागितलं होतं. मी पत्र लिहिलं, फॉर्म बदलला. आता आम्ही सहा जणी आहोत.

आणि ज्यासाठी मी पुढेही वर्गणी भरेन, ते शनिवारचे वर्ग. भवानी पेठेतल्या आमच्या मिस्त्रींनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांच्या मुलाला हे काम करायचं नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी क्लबाने ठरवलं की महिन्यातून एका शनिवारी मिस्त्री शिकवतील, त्यांना त्या दिवसाची पूर्ण मजुरी मिळेल, आणि सभासदांची मुलंही बसू शकतील. पहिल्या वर्गात सोलेक्स कार्ब्युरेटर उघडला. जेटच्या, म्हणजे ज्यातून पेट्रोल मोजून सुटतं त्या बारीक तोटीच्या, भोकात एका मुलाने तार घातली, तर मिस्त्री जवळजवळ ओरडलेच. "तार नाही घालायची! भोक वाढतं. हवा मार." प्रयोगशाळेत मी पिपेट धुताना मुलांवर अशीच ओरडत असे. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची फट फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी कशी मोजायची, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटचा आवाज कानाने कसा ओळखायचा, उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून दिवे घाट दुसऱ्या गिअरमध्येच का उतरायचा, हे सगळं मी तिथे शिकले. मी वहीत लिहून घेते. वही आता एकशे बारा पानांची झाली आहे, आणि क्लबातल्या दोन मुलांनी ती उतरवून घेतली.

गाडी नुसती उभी ठेवून फोटो काढायचे असतील तर या पैशांत चांगलं कव्हर येईल, ते घ्या. चालवायची असेल तर या. गाडी बंद असली तरी चालेल, रिक्षाने या, मीही तशीच आले होते.

येत्या शनिवारी मिस्त्री चाकाचे ब्रेक सिलिंडर उघडून दाखवणार आहेत. माझ्या गाडीचं मागचं डावं चाक आतून थोडं पाझरतंय, तेव्हा वर्गासाठी माझीच गाडी न्यायची ठरली आहे. रबर किट नाना पेठेतून आणलं, ब्रेक ऑइलचा डबा डिकीत ठेवलाय.