थायरॉईडच्या डोळ्यांसाठी काय घ्यावं: ड्रॉप्स, मलम, टेप, गॉगल, प्रिझम आणि गोळ्या

थायरॉईडमुळे डोळे लाल होऊन खुपायला लागले की बहुतेकांचा हात आधी जातो तो लाली घालवणाऱ्या ड्रॉप्सकडे. सगळ्यांत खालची जागा त्यांनाच द्यावी लागेल. नॅफाझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन ही औषधं रक्तवाहिन्या आकसवून लाली थोडा वेळ झाकतात आणि असर उतरला की ती पुन्हा उसळते. याच गटातलं ऑक्सिमेटाझोलिन तर खाली उतरलेली पापणी उचलायला वापरतात. थायरॉईडच्या डोळ्यांत पापणी आधीच नको तितकी वर ओढलेली असते, तिला आणखी कशाला चढवायचं?

या डोळ्यांचं दुखणं साध्या कोरडेपणापेक्षा वेगळं आहे. खोबणीतल्या चरबीला आणि स्नायूंना सूज येते, डोळा पुढे ढकलला जातो आणि झोपेत पापण्या पुरत्या मिटत नाहीत. बुबुळाचा खालचा पट्टा रात्रभर उघडा राहून वाळतो. सकाळी उठल्याउठल्या सगळ्यांत जास्त खुपत असेल तर रात्रीची फट हेच कारण असण्याची शक्यता मोठी. खात्री करायची तर घरातल्या कुणाला तरी झोपेत मंद उजेडात पापण्या बघायला सांगावं. म्हणून पैसे मोजून घ्यायचे असतील तर आधी रात्रीच्या गोष्टींवर खर्च करावा. दिवसाचे महागडे थेंब त्यानंतर.

रात्रीसाठी पहिली पसंती व्हाईट पेट्रोलॅटम आणि मिनरल ऑईलच्या साध्या मलमाला. खालची पापणी ओढून आत साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर लांबीची रेघ सोडायची. ट्यूबचं टोक डोळ्याला किंवा पापणीच्या केसांना लागू द्यायचं नाही. ड्रॉप्सही घालायचे असतील तर आधी ड्रॉप्स, पाच-दहा मिनिटांनी मलम. उलट क्रमाने घातलं तर थेंब तेलकट थरावरून ओघळून जातात. मलमाने दिसणं धूसर होतं, त्यामुळे ते घालून वाचायला बसण्यात अर्थ नाही. ही धूसरता पापण्या मिटल्या-उघडल्या की हलते, सकाळी डोळे पुसले की जाते. पुसूनही न जाणारी धूसरता, एका डोळ्याला लाल रंग फिका दिसणं किंवा नजरेत कुठेतरी सावली येणं ही डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस दाबली जात असल्याची लक्षणं असू शकतात. जोराने दुखून उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल तर जखमेची शंका घ्यावी. या दोन्हींवर दुकानातलं काहीही उपयोगी नाही, त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा.

फट मोठी असेल तर नुसतं मलम पुरत नाही. कागदी सर्जिकल टेप सगळ्यांत स्वस्त आणि नीट लावली तर उत्तम. लावण्यात मात्र चुका होतात. मलम पापणीवर पसरलं की टेप चिकटत नाही, म्हणून बाहेरची त्वचा आधी कोरडी पुसून घ्यावी. डोळा मिटायचा, वरची पापणी बोटाने हलकेच खाली आणायची आणि पट्टी वरच्या पापणीवरून तिरकी गालाकडे न्यायची. पापणी पूर्ण मिटलेली असल्याशिवाय टेप लावू नये. फट राहून पट्टी सरकली तर चिकट बाजू थेट बुबुळाला घासते आणि मूळ त्रासापेक्षा मोठी इजा होते. सकाळी ओली करून सोडवावी, ओरबाडू नये.

टेपने त्वचा चिडत असेल त्यांना सिलिकॉनच्या कडेचा, आत ओलावा धरणारा गॉगल बरा. बाहेर आलेल्या डोळ्यांसाठी त्यात एकच गोष्ट तपासायची: काचेची खोली. घालून पापण्यांची उघडझाप करावी, केस काचेला लागले तर तो गॉगल आपला नाही. कपभर खोल आकाराचे चालतात, पोहण्याच्या चपट्या गॉगलसारखे नाहीत. पट्टा घट्ट ओढून आधीच सुजलेल्या डोळ्याभोवती दाब देऊ नये. आत वाफ धरते ही तक्रार सगळेच करतात, पण रात्री ती वाफच हवी असते. बिनखर्चाची जोड म्हणजे पलंगाच्या डोक्याकडची बाजू उचलणं. सकाळची सूज त्याने कमी होते.

दिवसाच्या थेंबांत नावापेक्षा डबीवरचा मजकूर वाचावा. कार्बोक्सिमिथाईल सेल्युलोज 0.5 टक्के पातळ असतं, दिसण्यात अडथळा आणत नाही, पण लवकर संपतं. सोडियम हायल्युरोनेट जास्त टिकतं. कार्बोमर जेल त्याहून टिकाऊ, पण थोडा वेळ धूसर करतं. दिवसातून चार-सहा वेळांपेक्षा जास्त घालायचे असतील तर बेन्झाल्कोनियम क्लोराईड असलेली बाटली टाळावी. हे प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार लागलं की बुबुळाच्या वरच्या थरालाच त्रास देतं. एका वेळी एकच थेंब पुरे, डोळ्यात दुसऱ्याला जागा नसते, तो गालावरच येतो. पडद्यासमोर बसायच्या आधी घातला तर जास्त उपयोगी.

दोन-दोन दिसण्यावर ड्रॉप्सचा काही परिणाम होत नाही, कारण तिथे प्रश्न आखडलेल्या स्नायूंचा असतो. प्रिझम म्हणजे प्रतिमा सरकवून दोन्ही डोळ्यांचं चित्र जुळवणारी काच. चष्म्याच्या काचेत घडवलेलं प्रिझम घाईने करून घेऊ नये. आजार सक्रिय असताना, म्हणजे सूज अजून चालू असताना, डोळ्यांचा कोन बदलत राहतो आणि ती काच काही महिन्यांत निरुपयोगी ठरते. त्याऐवजी फ्रेनेल प्रिझम, म्हणजे काचेच्या आतल्या बाजूला चिकटवायची पातळ पट्टी. ती पाण्याखाली लावतात आणि नंबर बदलला की काढून दुसरी लावता येते. नंबर जितका जास्त तितकं चित्र फिकट, हा तिचा तोटा. शिवाय ती एकाच दिशेचं दुहेरी दिसणं जुळवते, वर किंवा बाजूला पाहिलं की प्रतिमा पुन्हा फुटते. काहीच जुळत नसेल तर एका काचेवर अर्धपारदर्शक टेप लावणं दिसायला गबाळं, पण हमखास चालतं.

शेवटी गोळ्या. सौम्य आणि सक्रिय आजारात सेलेनियम 100 मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने, याचा फायदा 2011 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत दिसला होता. मात्र तिथल्या बऱ्याच भागांत आहारातलं सेलेनियम मुळातच कमी होतं. डॉक्टरांशी बोलून घ्यावं, वर्षानुवर्षं चालू ठेवू नये. सिगारेट ओढणाऱ्याने आधी ती सोडावी. तिने आजारही बळावतो आणि उपचारांचा गुणही कमी येतो.

केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांना मात्र इथे लाल खूण. माणसाला दिवसाला सुमारे 30 मायक्रोग्रॅम पुरतं, या गोळ्यांत 5 ते 10 मिलिग्रॅम भरलेलं असतं. काही तपासणी पद्धतींमध्ये त्यामुळे टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) खोटं कमी, टी-4 (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त आणि अँटिबॉडीसुद्धा खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. अहवाल बघून चुकीचा डोस ठरतो आणि थकवा, धडधड तशीच राहते. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी त्या बंद कराव्यात आणि घेत असल्याचं डॉक्टरांना सांगावं. थायरॉईडची पातळी सुधारल्यावरही केस दोन-तीन महिने गळत राहतात, त्यात नवल नाही. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉईड संप्रेरकाची गोळी) चालू असेल तर ते उपाशीपोटी, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांपासून चार तास दूर. डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच करावं, आधी केलेला आकडा नव्या डोसवर पुरता स्थिरावलेला नसतो.