मार्क लॅनेगनचा ‘व्हिस्की फॉर द होली घोस्ट’: पावसाळ्यापासून ऐकतोय, आता लिहितो

अमेरिकन रॉक गायक मार्क लॅनेगनचा हा अल्बम घरात पाहुणे असताना लावू नका. व्यायाम करतानाही नको, आणि गाडीत मित्र भरलेले असताना तर अजिबातच नको. कानात हेडफोन आहेत आणि पुढचा पाऊण-एक तास कुणी हाक मारणार नाही, अशी वेळ मिळाली तरच याच्या वाटेला जा. पावसाळा सुरू झाला तेव्हा मी हा ऐकायला घेतला, आता थंडीही ओसरत आली तरी दर आठवड्याला एकदा तरी लागतोच. एवढ्या वापरानंतर मत पक्कं झालंय: १९९४ च्या जानेवारीत आलेल्या या अल्बमएवढा संयमाने गायलेला काळोख रॉकमध्ये फार कमी सापडतो.

लॅनेगन म्हटलं की लोक लगेच सिअॅटल, ग्रंज (तिथलं नव्वदीतलं गोंगाटी रॉक), पाऊस वगैरे सुरू करतात. तो मूळचा एलेन्सबर्गचा. वॉशिंग्टन राज्यातच, पण कॅस्केड पर्वतांच्या पलीकडल्या कोरड्या बाजूचं, गवत-गुरांचं, वाऱ्याचं गाव. तिथेच गॅरी ली आणि व्हॅन या कॉनर बंधूंबरोबर ‘स्क्रीमिंग ट्रीज’ उभा राहिला. १९९२ मध्ये ‘निअरली लॉस्ट यू’ गाजलं ते याच बँडचं. ट्रीजमध्ये गिटारची भिंत उभी असायची आणि लॅनेगनला तिच्यावरून आवाज फेकावा लागायचा. गात तो जबरदस्तच होता, पण त्या आवाजात काय काय आहे हे ऐकायला भिंत पाडायलाच हवी होती. सोलो अल्बममध्ये त्याने ती पाडली.

सुरुवात १९९० च्या ‘द वाइंडिंग शीट’पासून झाली. त्याच्याही आधी लॅनेगन, निर्वाणा बँडचे कर्ट कोबेन आणि क्रिस्ट नोवोसेलिक, आणि ट्रीजचा ड्रमर मार्क पिकरेल यांनी मिळून जुना ब्लूज गायक लेड बेली याची गाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली होती. ते काम अर्ध्यावर राहिलं, पण त्यातलं ‘व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट’ या पहिल्या अल्बमवर आलं. पुढे निर्वाणाने हेच गाणं एमटीव्हीच्या अनप्लग्ड कार्यक्रमात गायलं आणि ते जगभर पोचलं. सांगायचा मुद्दा असा की लॅनेगनचा ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं दुःखाचं गाणं) दुकानातून आणलेला नाही, लेड बेलीच्या गाण्यांपाशी बसून घेतलेला आहे.

‘व्हिस्की’ पूर्ण व्हायला मात्र काही वर्षं लागली. स्टुडिओ बदलले, निर्मितीची सूत्रं हातोहाती फिरली: जॅक एन्डिनो, टेरी डेट, जॉन अॅग्नेलो. ड्रमवर कधी मडहनी बँडचा डॅन पीटर्स, कधी डायनोसॉर ज्युनियर बँडचा जे मॅसिस. एकदा वैतागून लॅनेगन मूळ ध्वनिमुद्रणाची मास्टर टेप स्टुडिओबाहेरच्या ओढ्यात टाकायला निघाला होता आणि एन्डिनोने त्याला धरून थांबवलं, असा किस्सा सांगतात. इतक्या हातांतून गेलेला अल्बम खरं तर गोधडीसारखा दिसायला हवा. तसा तो दिसत नाही, याचं बरंचसं श्रेय माइक जॉन्सनच्या गिटारला. तिला कुठेच पुढे यायची घाई नाही. ओळ संपते, गिटार दोन-चार सूर टाकते, गप्प बसते. पुढच्या ओळीला जागा मिळते.

आता आवाजाबद्दल. आमच्या आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, “घसा बसलाय का रे याचा?” प्रश्न रास्त आहे. खर्जातला, खरखरीत, सिगरेट आणि दारूने खरवडलेला आवाज. वय झालेल्या माणसाचा वाटतो, पण लॅनेगनचा जन्म १९६४ चा, म्हणजे हे गाताना तिशीसुद्धा आली नव्हती! तंबोऱ्याला चांगली जवारी काढली की एका सुराभोवती बारीक सुरांचं गुंजन होतं, तसं याचं आहे. खाली उतरला तरी सूर पोकळ पडत नाही. ‘किंगडम्स ऑफ रेन’ मोठ्या आवाजात न लावता, शांत खोलीत ऐका. साथ जवळपास नाहीच म्हणा. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो शब्द ताणत नाही, सोडून देतो. शेवटच्या अक्षरात सूर संपलेला असतो, नुसता श्वास उरतो. दुसऱ्या कुणी तिथे कंप लावला असता, हुंदका काढला असता. हा माणूस दुःख मिरवत नाही, म्हणून ते खरं वाटतं.

सगळंच असं मंद नाही. ‘द रिव्हर राइज’ने हळू दार उघडलं की लगेच ‘बोराचो’ येतं आणि ते या अल्बममधलं सगळ्यात अंगावर येणारं गाणं. गिटार तापत जाते, शेवटाकडे सगळं सुटतं की काय असं वाटतं. आणि तिथेही गायक ओरडून जिंकायला बघत नाही. त्यानंतर ‘हाउस अ होम’, अकूस्टिक गिटार आणि व्हायोलिन, तीनेक मिनिटांत संपणारं. नव्या माणसाला मी हेच पहिलं ऐकवतो.

ब्लूजच्या पक्क्या चाहत्यांनी थोडं जपून. ट्वेल्व्ह-बारचा (बारा मापांचा) ठरलेला साचा, लांबलचक गिटार सोलो असं काही इथे मिळणार नाही. ब्लूज आहे तो बोलण्याच्या तऱ्हेत. दारू, देव, पाप, बाई, मरण, आणि यांतल्या कशापासूनच सुटका मागायची तर ती कुणाकडे, हा जुना घोळ. ‘पेंड्युलम’ जेमतेम दोन मिनिटांचं आहे, चर्चमधल्या गाण्याच्या अंगाने जातं, पण त्यातल्या प्रार्थनेवर गाणाऱ्याचाच भरवसा दिसत नाही.

तक्रारी आहेत. तेरा गाणी जास्त झाली, अकरा पुरली असती. ‘रायडिंग द नाइटिंगेल’ सहा मिनिटांच्या वर जातं आणि तेवढं लांबवण्यासारखं त्यात काही घडत नाही. मी अजूनही ते अधूनमधून पुढे ढकलतो. उत्तरार्धात दोन-तीन गाणी एकाच चालीने चालतात. शब्दांचंही तेच: पाऊस, नदी, रात्र, प्रभू हे इतक्यांदा येतात की एखादा बाजूला ठेवला असता तर बिघडलं नसतं.

उपकरणाचं सांगायलाच हवं, कारण यावर अनुभव फार बदलतो. फोनच्या स्पीकरवर ऐकलंत तर अल्बम अर्धाच ऐकलात. खर्जातल्या पुरुषी आवाजाचा मूळ सूर 100 हर्ट्‌झच्या आसपास असतो आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. खरखर तेवढी ऐकू येते, भार गायब. उलट बास फुगवणारे छोटे ब्लूटूथ स्पीकर याचा चिखल करतात. माझ्याकडे आहे तो असाच, ‘शूटिंग गॅलरी’त शब्द सुटे ऐकूच येत नव्हते. शेवटी कान झाकणारे साधे वायरवाले हेडफोन घेतले, इक्वलायझर सपाट केला आणि प्रश्न मिटला. शफल बंद ठेवा. ‘जुडास टच’ दीडेक मिनिटाचं आहे, एकटं ऐकलं तर अपुरं वाटेल. ते ‘बेगर्स ब्लूज’ला टेकूनच बसलंय.

आणखी एक. लॅनेगनचं व्यसन ही सजावट नव्हती. २०२० च्या आत्मकथनात त्याने हेरॉइनच्या दिवसांबद्दल इतकं उघडं लिहिलंय की वाचताना पोटात कालवतं. त्यामुळे ‘काय सुंदर उद्ध्वस्त आवाज’ असल्या कौतुकाचा मला कंटाळा येतो. तो पुढे त्यातून बाहेर आला, भरपूर काम केलं आणि २०२२ मध्ये आयर्लंडमध्ये किलार्नीला, ५७ व्या वर्षी गेला. स्वतःचं मन फार खाली असेल त्या दिवसांत मी हा अल्बम लावत नाही. तुम्हीही लावू नका.

हा आवडला तर पुढे २००१ चा ‘फील्ड साँग्ज’ घ्या, त्यात ऊन जरा जास्त आहे. फार संथ वाटला तर २००४ चा ‘बबलगम’. त्यात गायिका पीजे हार्वी आहे, गिटारलाही दात आहेत. आणि घरातल्यांना बरोबर घेऊन ऐकायचं असेल तर इझोबेल कॅम्पबेलबरोबरचा २००६ चा ‘बॅलड ऑफ द ब्रोकन सीज’. तिचा आवाज इतका हलका आहे की आईने तो अख्खा ऐकून घेतला. लॅनेगनच्या घशाबद्दलचं मत मात्र तिने बदललेलं नाही.